कोंडिबाची जळजळ आणि रखमाजीचा तांब्या

फार पूर्वी एका गावात घडलेली ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. म्हणजे गाव खरं आहे. गावाचं नाव तेवढं आठवत नाही, आणि माणसांची नावं सोयीनं ठेवली आहेत. पण टेकडी होती, टेकडीवर देऊळ होतं आणि देवळात घंटा होती, एवढ्यावर कुणी शपथ घ्यायला लावली तरी चालेल. फार मोठी शपथ नको.

त्या गावाची एक रीत होती. चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी गावातल्या सगळ्यांत वडील माणसानं टेकडीच्या एक्क्याऐंशी पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या आणि वरची मोठी घंटा पहिल्यांदा वाजवायची. काठी चालेल, कुणाचा खांदा चालणार नाही. आणि सकाळचं ऊन घंटेला लागायच्या आत ती वाजली पाहिजे. ज्याला हे जमलं नाही त्याचा मान त्याच्याहून धाकट्या माणसाकडे जायचा, आणि एकदा गेला की परत यायचा नाही. घंटा वाजली की मगच गावातल्या चुली पेटायच्या. त्यामुळे त्या सकाळी अख्खं गाव रिकाम्या पोटी एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत उभं असायचं. वर्षाचे बाकीचे दिवस म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांकडे कोण बघतं?

गेली चार वर्षं हा मान कोंडिबा शिंप्याचा होता. त्याच्याहून वडील दोन-तीन माणसं गावात होती, पण कुणाची नजर गेलेली, कुणाची कंबर. कोंडिबाच्या मागोमाग पाळी होती रखमाजी माळ्याची. रखमाजी त्याच्याहून एक महिना आणि चार दिवसांनी लहान. दोघं एकत्र गोट्या खेळले, एकाच विहिरीत पोहायला शिकले. त्यामुळे कोंडिबाला रखमाजीचं सगळं काही ठाऊक होतं आणि त्यातलं एकही सहन होत नव्हतं.

आता रखमाजीचे दातच घ्या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दातांनी ऊस सोलता येतो म्हणजे काय? आणि खायचाच तर घरात बसून खावा. हा कोंडिबाच्या ओसरीसमोर उभा राहून खायचा, आणि चोथा टाकता टाकता वर रामराम करायचा.

चार वर्षं कोंडिबानं हे सगळं सोसलं, कारण घंटा त्याच्याकडे होती. जत्रेला रखमाजी नुसता बाजूला उभा असायचा. त्याचं ते बाजूला उभं राहणं कोंडिबाला वर्षभर पुरायचं.

पण गेल्या जत्रेनंतर पंधराच दिवसांत कोंडिबाची बायको गेली. ती होती तेव्हा तिच्याशी भांडायला तरी तो चुलीपर्यंत जायचा. ती गेल्यावर तेवढंही चालणं उरलं नाही. ओसरीवरच्या खाटेवर तो पडला तो पडलाच. सून ताट तिथंच आणून ठेवी. तो दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करी. दिवसा डुलक्या घेई आणि रात्री छपराचे वासे मोजी. मुलानं शिवणकाम कधीच हातात घेतलं होतं, त्यामुळे सुईदोऱ्याचंही काही अडत नव्हतं. पाय काठीसारखे झाले. वैद्यानं लेह्य दिलं, ते त्यानं खाटेखालच्या मांजराला चाटवलं. मांजर तुकतुकीत झालं.

वैद्य म्हणाला, “कोंडिबा, पायांना काम दे. नाहीतर जत्रेपर्यंत ते तुझं काम करायचं सोडतील.”

“कुठं जाऊ चालत?”

“कुठंही.”

“कुठंही जायला माझं कुठं काय अडलंय?” कोंडिबानं विचारलं.

वैद्यानं पोतडी आवरली. वैद्यांच्या पोतडीत सगळं असतं, नेमकं एवढंच नसतं.

पौष महिना लागला आणि रखमाजी जत्रेसाठी नवी बंडी शिवायला आला. शिंप्याच्या घरी मापाला दोरी असते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची तिच्यात गाठ असते. कोंडिबाच्या मुलानं रखमाजीच्या छातीभोवती दोरी फिरवली आणि म्हणाला, “काका, दोन बोटं वाढलात की!”

“नीट धर दोरी!” कोंडिबा खाटेवरून ओरडला. “सैल सोडलीस.”

“सैल नाही बाबा. गेल्या साली बांधलेल्या गाठीच्या पुढं गेलेत काका.”

“मग गाठ सरकली असेल.”

“गाठ कशी सरकेल?” रखमाजी म्हणाला. “सरकतो तो माणूस. तू बघ की, अंगणातून ओसरीवर सरकलास, ओसरीवरून खाटेवर, खाटेवर भिंतीला. आता भिंतीच्या पलीकडं सरकायचं तेवढं राहिलंय.”

कोंडिबाचे कान तापले. मुलानं खाटेवर टाकलेल्या दोरीत त्यानं आपल्या नावाची गाठ हळूच शोधली आणि पांघरुणाखाली ती दोरी स्वतःच्या छातीभोवती लावली. चार बोटं दोरी उरली. रखमाजीची दोन वाढलेली आणि आपली चार घटलेली. त्याला वाटलं, आपल्या चारातली दोन बोटं गेली कुठं? या चोरानंच नेली!

जाताना रखमाजी म्हणाला, “बंडी जरा ऐसपैस शिव रे पोरा. घंटेची दोरी ओढताना काखेत काचायला नको.”

त्या दिवशी कोंडिबाला दोन घासही गेले नाहीत. त्याला खात्री पटली की रखमाजीकडे काहीतरी औषध आहे. मुळी आहे, भस्म आहे, काहीतरी आहे आणि तो मेल्यावरसुद्धा सांगायचा नाही. संध्याकाळी त्यानं सुनेला हाक मारली.

“सूनबाई, हा रखमाजी खातो तरी काय गं?”

“मला काय ठाऊक, मामंजी? रोज पहाटे फडक्यानं झाकलेला तांब्या घेऊन कुठंतरी जातात. येतात तेव्हा बघावं तर चेहरा कसा टवटवीत.”

एवढं बोलून ती भाकऱ्या थापायला गेली. जाताना तिनं तोंडाला पदर लावला होता, पण तो धुरामुळे असेल.

झाकलेला तांब्या! कोंडिबा उठून बसला. इतक्या महिन्यांत वैद्याला, मुलाला आणि सुनेला जे जमलं नव्हतं ते एका तांब्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रखमाजी आपल्या दारातून निघाला. हातात तांब्या, त्यावर लाल फडकं. कोंडिबा काठी टेकत मागं निघाला. पिंपळाच्या पारापर्यंत पोचला आणि पाय लटलट कापायला लागले. तो पारावर बसला, आणि रखमाजीची पाठ लांब जाताना बघून त्याला इतका राग आला की रागानंच परत घरापर्यंत चालत आला. घरी सगळे न्याहारीला बसले होते. सुनेनं विचारलं, “इथंच वाढू का?” तो तिथंच पंगतीत बसला आणि रखमाजीला शिव्या देता देता दीड भाकरी खाऊन गेला. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. माणूस जळत असला की ताटाकडे लक्ष राहत नाही.

तिसऱ्या दिवशी तो विहिरीपर्यंत पोचला. आठव्या दिवशी ओढ्यापर्यंत. गंमत अशी की कोंडिबा जितका पुढं पोचायचा, रखमाजी त्याच्या जरा पुढं जायचा. कधी अगदीच मागं पडला तर रखमाजीच्या वहाणेत खडा जायचा आणि तो काढायला त्याला फार वेळ लागायचा. कोंडिबाला वाटायचं, चांगलं झालं, खडा आणखी मोठा असता तर बरं झालं असतं.

एकदा धुळीत रखमाजीची पावलं उमटलेली दिसली, तर कोंडिबानं खिशातून मापाची दोरी काढली आणि दोन पावलांतलं अंतर मोजलं. मग स्वतः दोन पावलं टाकून तेही मोजलं. तीन बोटं कमी! दुसऱ्या दिवसापासून तो ढेंगा लांब टाकायला लागला. पहाटे रखमाजीच्या आधी जाग यायला हवी म्हणून रात्री जेवल्या जेवल्या आडवा होऊ लागला, आणि दिवसभराच्या पायपिटीनं वासे मोजायच्या आतच घोरू लागला.

पण तांब्याचं गूढ काही सुटेना. रखमाजी पन्नास वर्षं घरोघरी पूजेची फुलं पोचवत असे. आता ते काम त्याच्या मुलाकडे होतं, पण जुनी फेरी त्यानं सोडली नव्हती. फक्त फुलं नव्हती. दोन दारांपाशी तो हमखास थांबायचा. पहिलं दार गोजराबाईचं. ही गावची म्हातारी सुईण. अर्ध्या गावाला हिनंच जगात आणलेलं, आणि ते अर्धं गाव आता तिच्या दारावरून न बघताच जायचं. दुसरं दार म्हाताऱ्या लोहाराचं. तो ठार बहिरा. त्याच्या ओट्यावर सारीपाट मांडलेला असायचा. रखमाजी रोज एकच दान टाकायचा, लोहार एकच टाकायचा, आणि डाव तसाच ठेवून उठायचे. असा त्यांचा एक डाव महिना महिना चालायचा.

“दोघांना त्या तांब्यातलं देत असणार,” कोंडिबा काट्यांच्या कुपाटीआडून पुटपुटला.

“कोण गं बाई तिकडं?” गोजराबाई म्हणाली. डोळ्यांनी तिला अंधुक दिसायचं, पण कान शाबूत होते. “कोंडिबा ना तू? पाय घासत चालतोस म्हणून ओळखलं. काट्यात काय करतोस? ये, बस.”

रखमाजी तोवर पुढं गेला होता. कोंडिबा कुपाटीतून बाहेर आला, धोतराचे काटे काढले आणि खालच्या आवाजात विचारलं, “गोजराबाई, खरं सांग. हा रखम्या तुला रोज काय देतो?”

“शिव्या देतो.”

“आणि?”

“आणि मी त्याला देते. मग तो जातो.”

“तांब्यातलं काही?”

“तांब्यातलं काय असायचंय? बरं, आलाच आहेस तर माझी ही गोधडी बघ. शिवण सगळी उसवली. तुझ्या पोराकडं दिली तर म्हणतो, आजी, आता जत्रेची गर्दी आहे.”

कोंडिबानं गोधडी हातात घेतली. टाके बघून त्याला राहवेना. “हे टाके घातले कुणी? बैलानं?” असं म्हणत तो बसला, आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा त्यानं सुईत दोरा ओवला. तीन वेळा हुकला, चौथ्यांदा गेला. निम्मी गोधडी झाली तेव्हा ऊन वर आलं होतं.

“राहिलेली उद्या करशील ना?” गोजराबाईनं विचारलं. “का उद्याही रखमाजीचीच वाट बघू?”

झालं! कोंडिबाच्या मनात नवीन खिळा ठोकला गेला. म्हणजे ही बाई रोज रखम्याची वाट बघते. लोहारही बघतो. आपली वाट कोण बघतं? खाटेखालचं मांजर, तेही लेह्यासाठी.

दुसऱ्या दिवशी तो रखमाजीच्याही आधी गोजराबाईच्या दारात हजर. लोहाराच्या ओट्यावर त्यानं रखमाजीच्या सोंगट्या बघून मान हलवली, आणि खुणांनी लोहाराला असं काही शिकवलं की दोन दिवसांत रखमाजीची सोंगटी मेली. त्या दिवशी लोहार इतका हसला की खोकायला लागला. कोंडिबाही हसला. रखमाजी मात्र तोंड पाडून उठला. फार पाडलं होतं तोंड, जरा जास्तच पाडलं होतं. पण कोंडिबा खूश होता, त्याला बारीकसारीक दिसत नव्हतं.

असे माघ, फाल्गुन गेले. रखमाजीची फेरी आता टेकडीपर्यंत लांबली होती. आधी तो पायथ्याशी बसून तांब्याला तोंड लावायचा. मग दहाव्या पायरीवर बसून. मग तिसाव्या. खाली झुडपाआड कोंडिबा दात खायचा. प्रत्येक घोटाबरोबर रखमाजी “आहाहा!” म्हणायचा आणि ते “आहाहा” कोंडिबाच्या काळजात जायचं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी रखमाजी बराच वर जाऊन बसला. तांब्या पायरीवर ठेवला आणि बाजूच्या झऱ्यावर पाय धुवायला गेला. तांब्या एकटा. कोंडिबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि काठी काखेत मारून पायऱ्या चढायला लागला. धाप लागली तरी थांबला नाही. वर पोचला, तांब्या उचलला, फडकं ओढलं आणि आत बघितलं.

आत काहीच नव्हतं. नुसता रिकामाच नव्हे, तळाला कोळ्यानं जाळं विणलं होतं.

“काय रे कोंड्या, गोड आहे का?” मागून रखमाजी म्हणाला.

“हा... हा रिकामा आहे!”

“आहेच. चार महिने रिकामाच आहे. भरलेला तांब्या घेऊन एवढं कोण चालेल? हात दुखतो.”

“मग तुझं औषध?”

“खाली बघ. कितव्या पायरीवर उभा आहेस ते मोज.”

कोंडिबानं मोजलं. चौपन्नावी. तो काठी न टेकता उभा होता.

रखमाजी त्याच्या शेजारी बसला. “पौषात तू पारापर्यंत आलास तेव्हा लोहाराच्या भात्यासारखा श्वास चालला होता तुझा. मागं वळून बघितलं नाही मी, पण ऐकू येत होतं. वैद्य सांगून दमला, तुझी सून रडून दमली. ती माझ्या बायकोपाशी आली, म्हणाली, मामंजींना उठवा कसंही करून. मी म्हटलं, तो कुणाच्या मायेनं उठायचा नाही. पण माझं वाईट बघायला मिळणार असेल तर वेशीच्या बाहेरसुद्धा जाईल.”

कोणी भला माणूस असता तर त्याचे डोळे भरून आले असते. कोंडिबाचे पेटले.

“मला चार महिने काट्याकुट्यांत नाचवलंस! माझ्या पिकल्या केसांची तुला लाज नाही वाटली?”

“तुझे कुठं पिकलेत? मागं थोडे काळे आलेत बघ.”

“उद्या वर ये,” कोंडिबा म्हणाला. “घंटा वाजवताना तुझं तोंड बघायचंय मला.” आणि तो तरातरा खाली उतरला. उतरताना त्याला एकच डंख बसत होता. तब्येतीत रखम्या पुढं होता तो होताच, आता चांगुलपणातही पुढं गेला. हे दुखणं पहिल्या दुखण्याहून वाईट होतं, आणि यावर तर तांब्याही नव्हता.

जत्रेचा दिवस उजाडला. वडील माणसाचा मान हुकलाच तर दुसरा वर तयार हवा, म्हणून रखमाजीला पहाटेच देवळात नेऊन बसवलं होतं. म्हणजे आज फेरी मारायला तो नव्हता. कोंडिबानं नवी बंडी घातली आणि ठरवलं, टेकडीकडे जाता जाता दोन्ही दारांवरून जायचं. आज सगळे फक्त आपली वाट बघतील.

लोहार दान टाकून तयार होता. कोंडिबानं आपलं टाकलं, हात जोडले आणि निघाला. टेकडीखाली ढोल वाजायला लागला होता. गोजराबाईचं दार मात्र बंद होतं.

“गोजराबाई! घंटा वाजवायला चाललोय!”

उत्तर नाही.

त्यानं काठीनं दार ठोकलं. “अहो बाई, आज शिव्या नाहीत का?”

आतून काही नाही. जत्रेला गेली असेल म्हणावं, तर तिला पायरी दिसत नाही. झोपली म्हणावं, तर तिला कोंबड्याच्या आधी जाग. कोंडिबानं टेकडीकडे बघितलं. ऊन देवळाच्या कळसावर आलं होतं. कळसावरून घंटेपर्यंत उतरायला त्याला फार वेळ लागत नाही.

मागून रखम्या येईलच, असं त्याच्या मनात आलं. आणि मग आठवलं, रखम्या आज यायचा नाही. तो वर बसलाय, घंटेच्या दोरीला हात पुरेल एवढ्या अंतरावर. त्याच्या डोळ्यांपुढं तो हात आला, नव्या बंडीतून बाहेर आलेला, गुबगुबीत, दोन बोटं वाढलेल्या माणसाचा. पायांनी टेकडीकडे तोंड केलं.

पण पाय उचलेना. रखम्या असता तर काय केलं असतं? दार फोडलं असतं मेल्यानं. आणि वर्षभर गावानं त्याचं कौतुक केलं असतं. “मरो ती घंटा,” कोंडिबा दात खात म्हणाला आणि दाराला खांदा दिला. दोनदा दिला. तिसऱ्यांदा आतली कडी निखळली.

गोजराबाई चुलीपाशी पडली होती. आदल्या संध्याकाळी पाय घसरला होता. घोटा सुजून भोपळा झाला होता, ओठ कोरडे पडले होते आणि हाक मारून मारून घसा बसला होता. कोंडिबानं तिचं डोकं उचललं आणि घोट घोट पाणी पाजलं. बोळात पूजेचं ताट घेऊन त्याचीच सून चालली होती, तिला ओरडून वैद्याकडे पिटाळलं. मग नव्या बंडीच्या खालची पट्टी टरकन फाडून घोट्याला ताणून बांधली. शिंप्याचं बांधणं, एक सुरकुती नाही.

“कोंडिबा, तू जा,” ती बसक्या आवाजात म्हणाली. “ढोल वाजतोय.”

“वैद्य आल्याशिवाय नाही जायचा.”

“घंटा जाईल तुझी.”

“जाऊ दे. बोलू नको. पाणी पी.” पण त्याचा एक कान दाराबाहेर होता. आता वाजेल, आता वाजेल. रखम्याच्या तोंडावरचं हसू, गावाचा जयघोष, सगळं त्याला तिथं बसल्या बसल्या दिसत होतं. तरी तो उठला नाही.

वैद्य आला, पाय चाचपून म्हणाला, “मोडलेला नाही. पण ही संध्याकाळपर्यंत अशीच बिनपाण्याची पडून राहिली असती, तर माझ्या यायचा काही उपयोग नव्हता.” मग कोंडिबाकडे वळून खेकसला, “तू काय बसलायस? अजून वाजलेली नाही!”

खरंच वाजली नव्हती. कोंडिबा पळाला. पळाला म्हणजे पळाला नाही, पण बघणाऱ्यांना तसं वाटलं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी भुकेलं गाव उभं होतं. दोघातिघांनी खांदा पुढं केला, तर काठीनं बाजूला सारला. चौपन्नाव्या पायरीवर त्यानं श्वास घेतला नाही, मुद्दाम घेतला नाही. सत्तराव्या पायरीवर मात्र घ्यावाच लागला. एक्क्याऐंशीवी चढून तो वर आला आणि बघतच राहिला.

रखमाजी बोडका उभा होता. त्याचं पागोटं सोडून घंटेच्या कमानीवर आडवं पसरलेलं होतं. एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं त्यानं स्वतः दोन्ही हातांनी वर धरलेलं. ऊन सगळ्या देवळावर होतं, पण घंटेवर सावली होती.

पुजारी वैतागून म्हणाला, “कोंडिबा, आवर या माणसाला! घटकाभर असाच उभा आहे. म्हटलं, वाजव, ऊन आलं. तर म्हणतो, घंटेला कुठं लागलंय? हात लावून बघा, गार आहे.”

“गार आहेच की,” रखमाजी म्हणाला. “लवकर वाजव रे कोंड्या, खांदे भरून आले माझे.”

हे रीतीत बसतं का नाही, हे कुणी विचारलं नाही. गावाला भूक लागली होती, आणि पोटात कावळे ओरडत असले की माणसं कायद्याला फार चिकटून बसत नाहीत. कोंडिबानं दोरी धरली आणि ओढली. घंटेचा आवाज टेकडीवरून उतरला, गावावरून गेला, गोजराबाईच्या मोडक्या कडीच्या दारातून आत शिरला. खाली एकेक करून चुली पेटल्या.

आता खरं तर तात्पर्य अगदी शेवटी सांगतात. पण या गोष्टीतला शेवटचा शब्द रखमाजीचा आहे आणि तो कुणालाच देत नाही, म्हणून ते मधेच उरकून घेतलेलं बरं.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाला लेह्य द्या, काढा द्या, पण त्याआधी सकाळी उठायला एक कारण द्या आणि त्याची वाट बघणारं एक दार द्या. ते कारण फारसं चांगलं नसलं, नुसती जळजळ असली, तरी सुरुवातीला चालतं.

तर गर्दी खाली उतरली आणि दोघं म्हातारे वरच्या पायरीवर बसले. रखमाजी पागोटं गुंडाळत होता. कोंडिबाला राहवेना.

“रखम्या, मान एकदा गेला की परत येत नाही. घंटा हाताशी होती, मी नव्हतो, पुजारी वाजव म्हणत होता. का नाही वाजवलीस?”

रखमाजीनं पागोट्याचं टोक खोचलं आणि म्हणाला, “घंटा काय, वर्षातून एकदा वाजते. माझ्यावर रोज उठून जळणारा माणूस या वयात मी नवा कुठून आणू?”